शेवटचं मंगलाष्टक माझं

माझ्या धाकट्या जावेचा गळा फार चांगला आहे. हे मी आधीच लिहून मोकळी होते, कारण एकदा गाडी पुढं निघाली की हे वाक्य माझ्याच्यानं लिहिलं जाणार नाही. गळा चांगला, हाताला चव आहे, चार माणसांत पटकन मिसळते, आणि एवढं सगळं करून स्वभावानंही गरीब. अशा बाईवर जळायचं म्हणजे किती ताप असतो, हे ज्यांना धाकटी जाऊ नाही त्यांना कळायचं नाही.

आमचं नागपुरातलं घर दोन मजली आहे. खाली आम्ही, वर दीर आणि ती. तिचा रियाज वर चालतो आणि माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावीच लागते, त्यामुळे उन्हाळ्यात तर काही इलाजच नाही. मी कणीक तिंबते आणि वरून सा रे ग म.

या घरात मंगलाष्टकं लिहिणारी मात्र मी. लग्न ठरलं, पत्रिका छापून आली, की नातेवाइकांचा फोन मला यायचा. "वहिनी, तेवढं मंगलाष्टकाचं पाहा बरं." नवरा-नवरीची नावं, दोन्हीकडचे आईवडील, गाव, सगळं वृत्तात बसवून चार ओळी करायच्या आणि लग्नात माईक हातात घेऊन म्हणायच्या. भटजींची संस्कृत अष्टकं असतातच, पण लोक कान देतात ते घरच्या बाईच्या अष्टकाला, कारण आपलं नाव त्यात येतं का ते ऐकायचं असतं. एका नवरदेवाचं नाव काही केल्या वृत्तात बसेना, तेव्हा मी त्याच्या आजोबांचं घालून वेळ मारून नेली होती. आजोबा इतके खूश झाले की नातवाचं राहिलं हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

ज्यांनी लग्न मन लावून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक अष्टक संपलं की 'शुभमंगल सावधान' म्हणायचं, लोक अक्षता टाकतात, आणि पुढचं सुरू होतं. शेवटचं 'सावधान' झालं की अंतरपाट खाली, बँड सुरू आणि हार गळ्यात. सगळा मांडव त्या एका शब्दाकडं डोळे लावून असतो.

माझी चाल माझ्या आत्याची. भिवापूरला तिच्या अंगणात मिरच्यांचे देठ खुडायला बायका बसायच्या. सगळ्या शिंकायच्या, ठसकायच्या, आणि आत्या पदरानं डोळे पुसत मंगलाष्टकं म्हणायची. फार सावकाश चाल. 'सावधान'मधला 'धा' ती असा धरून ठेवायची की ऐकणाऱ्याच्या मुठीतल्या अक्षतांना घाम फुटावा. ती चाल मी तिच्याकडून घेतली आणि तिच्यात माझे शब्द घातले.

दिराचं लग्न पारशिवनीला झालं. जावेचं माहेर ते. भर वैशाख, शाळेच्या पटांगणात मांडव, पंखे फिरत होते पण वारा असा की चुलीसमोर बसल्यासारखं वाटावं. मी स्वतःच या घरात नवी होते आणि घरात येणाऱ्या दुसऱ्या सुनेसाठी अष्टक लिहिलं होतं. वराकडच्या अष्टकात नवरदेवाचं कौतुक करायचं असा रिवाज. मी ते सोडून मुलीवर लिहिलं.

आली लेक उन्हातुनी घरि अता, द्या सावली हो तिला

ही त्यातली पहिली ओळ. माझ्या हातून एवढी चांगली ओळ पुन्हा झाली नाही, हे मलाही माहीत आहे. पण म्हणताना त्या उकाड्यानं मला धाप लागली. 'उन्हा'वर श्वास तुटला, एक घोट हवा घेतली आणि मग 'तुनी' म्हटलं. सासूबाईंनी पंगतीत, आलूवांग्याची भाजी वाढणाऱ्यासमोर, बोलून दाखवलं. "अष्टक चांगलं होतं वं, पण मधातच कायले थांबली? लोकांले वाटलं विसरली." ते मला अजूनही टोचतं. तरी पारशिवनीच्या बायका हात धुऊन झाल्यावर माझ्याभोवती जमल्या आणि ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. त्या दिवशी मी स्वतःला कोणीतरी समजत होते, हे खरं आहे.

मागच्या वर्षी नणंदेच्या मुलाचं लग्न होतं आणि ऐन लग्नाच्या तोंडावर माझा घसा बसला. जाऊ खाली आली. "ताई, तुम्ही माझ्या लग्नात म्हटलेलं अष्टक मी म्हणू का? नावं तेवढी बदलून घेते." मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "म्हण ना. विचारायचं काय त्यात?" मनातून बरंही वाटलं. म्हटलं, चला, आपली आठवण निघेल.

निघाली कसली! तिच्या गाण्याच्या क्लासमधला एक जण कीबोर्ड घेऊन आला होता. त्यानं काहीतरी टुंग टुंग सुरू केलं आणि ही उभी राहिली. शब्द माझे, चाल भलतीच. उड्या मारत जाणारी, हसरी, गोड. 'द्या सावली हो तिला' हे दोनदा घोळवून म्हटलं, गाण्याच्या धृपदासारखं. आणि शेवटी 'सावधान' एकदा नाही, तीनदा, दर वेळी आवाज वर वर चढवत. पहिल्या 'सावधान'ला लोकांनी अक्षता टाकल्या, दुसऱ्याला उरल्यासुरल्या टाकल्या, आणि तिसऱ्याला हात रिकामे होते म्हणून टाळ्या वाजवल्या. मंगलाष्टकाला टाळ्या! हिचं अष्टक शेवटचं होतं, त्यामुळे तिसऱ्या 'सावधान'वर बँड असा दणक्यात सुरू झाला की जणू आधीच ठरवून ठेवलं असावं. नणंद डोळे पुसत होती. पाहुणे विचारत होते, कोण आहे हो ही बाई?

मी घसा शेकायचं निमित्त करून चहाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. पोटात असं काही पेटलं होतं की त्या गरम चहानंही थंडावा वाटला असता.

लग्नाचं जेवण पचायच्या आत तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर फिरला. मी ओळखतही नाही अशा माणसांनी तो मलाच पाठवला. 'हे पाहा, किती सुंदर' म्हणून. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'एकदम ओरिजिनल.' तो शब्द वाचून माझा तिळपापड झाला. मी फोन यांच्यासमोर धरला.

"पाहा. ओरिजिनल म्हणते लोक."

हे पेपर वाचत होते. "चांगलं म्हटलं ना तिनं?"

"चांगलंच म्हटलं. पण चालीची वाट लावून टाकली. जुन्या साडीचा ड्रेस शिवते ना आजकाल, तसं केलं. साडी गेली ती गेलीच, अन् कौतुक ड्रेसचं."

"साडी कपाटातच पडून होती ना पण?" हे म्हणाले. "कोण नेसून राहिलं होतं?"

"अन् तुझी तरी चाल कुठं तुझी होती?" हे पेपर खाली ठेवून पुढं म्हणाले. यांना एकदा तोंड फुटलं की थांबणं माहीत नाही. "तुझ्या आत्याची होती. आत्यानं कोणाची उचलली ते तिलेच माहीत."

"आत्यानं मला दिली होती," मी म्हटलं. "हिनं मोडली."

"तिनं विचारलं होतं तुले."

"शब्दांचं विचारलं होतं. चाल बदलीन म्हणून कुठं सांगितलं?"

त्यावर हे हसले, आणि नवरा हसला की वाद संपतो असं नवऱ्यांना वाटतं. माझा संपला नव्हता. मी कितीतरी दिवस मनातल्या मनात भांडत होते. कोणी जुन्या गाण्याला नवी चाल लावली, जुन्या नाटकाला नवे कपडे घातले, की पूर्वी मला राग यायचा तो त्या जुन्यासाठी, असं मी समजत होते. आता कळलं की राग मुळातच त्यासाठी नसतो. नवं जर भिकार असतं तर मला आनंदच झाला असता. मी सगळ्यांना सांगत सुटले असते की बघा, अस्सल ते अस्सल. हिनं केलेलं भिकार नव्हतं, तिथंच तर सगळी आग होती.

त्यानंतर नात्यात लग्न निघालं की फोन वरच्या मजल्यावर जायला लागले. "ताई, तुमचं अमकं अष्टक घेऊ का?" म्हणून ती दर वेळी खाली येऊन विचारायची, आणि मी दर वेळी "घे की" म्हणायची. नाही म्हणायला तोंड पाहिजे ना.

मग माझ्या मुलीचं ठरलं. एकुलती एक. रामदासपेठेत एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवते. जावई नागपूरचाच, घर चांगलं, सगळं चांगलं. पत्रिका छापून आल्या त्या दिवशी मी कुंकू लावून पहिली देवाजवळ ठेवली आणि वही काढणार तेवढ्यात पोरगी स्वयंपाकघरात आली.

"आई, काकूचं ते सावलीवालं मंगलाष्टक पाहिजे हं मला."

"काकूचं?"

"म्हणजे तुझंच गं. पण काकूच्या चालीत. माझ्या सगळ्या मैत्रिणींनी तो व्हिडिओ पाहिला आहे. त्या म्हणतात, आम्ही तेच ऐकायला येऊ." मग माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "रागवून राहिली का तू?"

"मी काहून रागवू?"

"तू पण म्हण ना मग. तू पहिलं म्हण, काकू शेवटी म्हणेल. तिचं कसं, एकदम माहोल बनून जाते."

मी वहीकडं गेलेला हात मागं घेतला. पहिल्या अष्टकाला कोण ऐकतं हो? लोक खुर्च्या शोधत असतात, अक्षता वाटणारी बाई मधूनच फिरत असते, कोणाचं तरी पोट्टं स्टेजवर चढून बसलेलं असतं, माईक किंचाळतो. मी या घरातल्या एवढ्या पोरापोरींची लग्नं माझ्या आवाजात लावली. माझ्या एकुलत्या एक पोरीच्या डोळ्यांपुढचा अंतरपाट खाली येईल तो माझ्या 'सावधान'वर यावा, आत्याच्या त्या 'धा'वर यावा, एवढीच एक गोष्ट मला त्या सगळ्या लग्नात हवी होती. दागिने, साड्या, हॉल, जेवण, कशात मी बोलले नाही.

"शेवटचं मंगलाष्टक माझं," मी म्हटलं. "बाकी ज्याला जे म्हणायचं ते म्हणा."

पोरगी वर जाऊन काकूला विचारून आली. काकू लगेच तयार झाली. एवढंच नाही, स्वतः खाली येऊन म्हणाली, "शेवटचा मान तुमचाच ताई. आईच्या आवाजानंच लग्न लागलं पाहिजे." थोडी तरी कुरकुर करावी की नाही बाईनं! मला तेवढंही सुख नाही.

मी नवं अष्टक लिहायला बसले. माझं जुनं ही म्हणणार, तर मला दुसरं हवंच होतं. पण लिहायला बसलं की वरून हिचा रियाज सुरू. माझ्याच ओळी, तिच्या चालीत, वरून खाली झिरपत यायच्या. मी कानात कापूस घातला तरी ऐकू यायचं. पोरीची हुशारी, तिचं शिक्षण, जावयाचं नाव, व्याह्यांचं गाव, सगळं कसंबसं वृत्तात कोंबलं. वाचलं तर शाळेच्या संमेलनाचा अहवाल वाचतोय असं वाटावं. पुन्हा खोडलं, पुन्हा लिहिलं. लग्नाच्या आठवड्यात एकदाचं जमलं, आणि मी म्हटलं, शब्द साधे असले तर असू दे, चाल आहे आत्याची. चाल तारून नेईल.

तेवढ्यात ही एका संध्याकाळी कैरीचं पन्हं घेऊन खाली आली. "ताई, एक विचारायचं होतं. पोरगी येत नाही, जाऊन राहिली आहे. म्हणून 'आली लेक' जमत नव्हतं. मी असं केलं तं चालेल का?" आणि उभ्या उभ्या हळूच म्हणून दाखवलं.

जाते लेक उन्हातुनी परघरी, द्या सावली हो तिला

दोन जागी हात लावला होता फक्त. वृत्त कुठं हललं नव्हतं. माझ्या ओळीत सासरची मंडळी सावली देत होती. हिच्या ओळीत पोरीची आई हात जोडून सावली मागत होती. हे मला सुचायला हवं होतं. पोरगी माझी आहे, पोटात गोळा माझ्या येतो आहे, आणि ते 'परघरी' सुचलं कोणाला? मी पन्ह्याचा एक घोट घेतला. पन्हं आंबट आहे असं मी सांगितलं. खरं तर ते अगदी बेताचं झालं होतं.

लग्नाच्या दिवशी गोरज मुहूर्त होता. हॉलच्या दाराशी बँड उभा होता, नणंदेच्या घरच्या लग्नातलाच. व्याह्यांकडचे पाहुणे, आमचे पाहुणे, पोरीच्या दवाखान्यातल्या मैत्रिणी फोन वर धरून तयार. मी नऊवारी नेसले होते आणि कागद कमरेला खोचला होता. अंतरपाटाचं एक टोक माझ्या भावानं धरलं होतं, दुसरं भटजींच्या माणसानं. अंतरपाटामागं पोरगी मुंडावळ्यांत उभी होती, डोळे खाली.

भटजींचं झालं, व्याह्यांकडच्या एका मावशींचं झालं. मग जावेनं माईक घेतला आणि मैत्रिणींत कुजबुज झाली. तिनं सुरू केलं. 'परघरी'वर पोरीच्या खालच्या ओठाला कंप सुटला, ते मी पाहिलं. यांनी तोंड फिरवलं. मी कमरेचा कागद चाचपत होते आणि मनात म्हणत होते, संपव बाई, आता माझी पाळी आहे.

तिनं 'सावधान' म्हटलं. अक्षता पडल्या. मग दुसरं, वरच्या पट्टीत. मग तिसरं.

आणि दाराशी बँड सुरू झाला.

ढोल, ताशा, पितळी वाजंत्री, सगळं एकदम. भावानं बँड ऐकला आणि अंतरपाट सोडला. भटजी दोन्ही हात हलवून ओरडत होते, "अहो थांबा, अजून एक आहे!" पण त्यांचं कोणाला ऐकू येणार? लोकांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता उधळल्या, टाळ्या वाजल्या, आणि कोणीतरी मागून ढकललं तशी पोरीनं हसत हसत जावयाच्या गळ्यात हार घातला. भटजींनी कपाळाला हात लावला आणि त्या गोंगाटातच भराभर मंत्र पुटपुटून टाकले.

मी माईक हातात घेऊन उभी होते. जावेनंच तो माझ्या हातात दिला होता, बँडच्या अगदी एक क्षण आधी.

"झालं बाई," भटजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "मुहूर्त साधला. आता अंतरपाट पुन्हा धरता येत नाही."

मी तरातरा बँडवाल्याकडं गेले. तो बिचारा पाहतच राहिला. "काय झालं काकू? त्या बाईंचं ते गाणं शेवटीच असते ना? मागच्या लग्नातही तिसऱ्या सावधानवर उचललं होतं आम्ही. व्हिडिओत पण तसंच आहे." त्याच्यावर काय ओरडणार? एक तर त्याचं चुकलं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे शेवटची जागा मीच हट्टानं मागितली होती. पहिलं म्हण, असं पोरगी सांगत होती तेव्हा ऐकलं असतं तर निदान खुर्च्या शोधणाऱ्यांनी तरी ऐकलं असतं.

जेवणाच्या वेळी मी हसून सगळ्यांना वाढा वाढा म्हणत होते. जो तो येऊन म्हणायचा, "काय मंगलाष्टक झालं हो! कोणी लिहिलं?" आणि मी जावेकडं बोट दाखवायची. मला तेव्हा 'मी' म्हणायचीसुद्धा लाज वाटत होती.

पाठवणीच्या आधी पोरगी साडी बदलायला खोलीत गेली. मी मागोमाग गेले. जाऊ आधीच तिथं होती. पोरीला खुर्चीवर बसवून तिच्या अंबाड्यातल्या पिना काढत होती, एकेक पीन ओठांत धरत. मी पलंगावर बसले आणि साड्यांच्या घड्या घालायला लागले.

मग पोरगी आरशातून माझ्याकडं पाहत म्हणाली, "आई, तुझं राहिलं गं. आता म्हण ना. मला ऐकायचं आहे."

"आता कायले? लग्न लागलं."

"म्हण ना. मी परघरी चालली ना आता?" आणि तिचा आवाज चिरकला.

मी घडी तशीच ठेवून कागद काढला. घसा साफ केला आणि सुरुवात केली. शब्द माझे नवे होते, पण चाल निघाली ती उड्या मारणारी. जावेची. मी थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच. महिनाभर वरून झिरपत आलेली ती चाल माझ्या जिभेवर बसून राहिली होती, आणि तिच्या खाली आत्याची चाल शोधायला गेले तर हाताला काही लागेना. आत्याचा चेहरा आठवला, अंगणातल्या मिरच्या आठवल्या, नाकात झोंबणारा वाससुद्धा आठवला. चाल आठवेना.

"आई, ही तं काकूची चाल आहे," पोरगी म्हणाली. ती हसली, पण माझ्याकडं पाहून लगेच गप्प झाली. मी कागद गच्च धरून बसले होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रागानं, दुसऱ्या कशानं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात माझा शेवटचा शब्द गेला होता, आणि आता माझी चालही माझ्याकडं नव्हती. कोणी माझं घर रिकामं करून नेलं असतं तरी मी एवढी रडले नसते.

जावेनं ओठांतल्या पिना काढून हातात घेतल्या. आणि अगदी हळू, माझ्याकडं न पाहता, पोरीच्या केसांतली बोटं न थांबवता, म्हणायला लागली.

आली लेक उन्हा—

इथं ती थांबली. एक घोट हवा घेतली. मग 'तुनी घरि अता' म्हटलं.

आत्याची चाल होती. सावकाश, जशीच्या तशी, एक सूर इकडचा तिकडे नाही. चारही ओळी तिनं तशाच म्हटल्या, आणि 'सावधान'मधला 'धा' इतका धरून ठेवला की माझ्या मुठीतला कागद ओला झाला.

"मधात काहून थांबली?" मी विचारलं.

"तुम्हीच थांबल्या होत्या ना ताई," ती म्हणाली. "अंतरपाटामागं मले भल्ली भीती वाटून राहिली होती. माणसं अनोळखी, घर अनोळखी. तुम्ही 'उन्हा'वर थांबल्या अन् मले वाटलं, या बाईचा माझ्यासाठी गळा भरून आला. म्हटलं, या घरात एक माणूस आहे आपलं. मी तेव्हाच रडली होती."

धाप लागली होती, हे मी सांगितलं नाही. कशी सांगणार होते?

पोरीनं आरशातून तिच्याकडं पाहिलं. "मग काकू, एवढी चांगली चाल येत होती तं तू दुसरी काहून लावली?"

"अगं, ती ताईंची आहे," जाऊ म्हणाली, जणू पोरीनं काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. "ती मी चारचौघांत कशी म्हणणार? म्हणून तं दुसरी लावली."

बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं, गाडी लागली म्हणून सांगत होतं. मी डोळे पुसले आणि पलंगावर थोडी सरकून तिला जागा करून दिली.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं. "पहिल्यापासून. मी तुझ्या मागून म्हणते."

ती बसली आणि तिनं सुरुवात केली. मी एकेक ओळ तिच्या मागून म्हणत गेले, माझं स्वतःचं अष्टक, माझ्या स्वतःच्या चालीत, नव्यानं शिकणारीसारखी. पोरगी खुर्चीवरून उठून आमच्या दोघींच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती, आणि त्या वेळीसुद्धा माझ्या मनात आलं ते एवढंच की मेलीचा गळा किती चांगला आहे.